चिंतामणराव देशमुख आणि लंडनमधले येणे

आमोण्याच्या काठाने मांडवीतून खनिजाच्या बार्जी जाताना आम्ही वर्षानुवर्षे पाहिल्या. माती इथली, भाव मात्र परदेशात ठरायचा. माल देणाऱ्याचे हिशेबात कितपत चालते, असा विषय निघाला की आम्हांला चिंतामणराव देशमुख आठवतात. नावही गणरायाचेच, त्यामुळे चवथीच्या अंकात शोभते.

14 जानेवारी 1896 रोजी महाडजवळच्या नाते गावी जन्म, मॅट्रिकला पहिले, केंब्रिजचे शिक्षण, 1918 साली आयसीएसच्या परीक्षेतही पहिले. हे बहुतेकांना ठाऊक असते. ऑगस्ट 1943 मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्यांचे खरे काम तिथून पुढचे.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने हिंदुस्थानातून माल उचलला, फौजांचा खर्च इथे केला. मोबदला म्हणून लंडनमध्ये पौंडांची नोंद होई आणि तिच्या आधारावर इथे नोटा छापल्या जात. महागाई सोसली गरिबांनी. हे येणे शंभर कोटी पौंडांच्या वर गेले. आम्ही सरकारी नोकर. बिल मंजूर पण रक्कम नाही, हे दुखणे आम्हांला सांगायला नको!

जुलै 1944 मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे 44 देशांची परिषद भरली. हिंदुस्थानच्या शिष्टमंडळाचे प्रमुख इंग्रज होते, पण देशमुख आणि त्यांचे सहकारी आपली बाजू लावून धरत होते. यंत्रसामग्री घ्यायची तर डॉलर हवेत, तेव्हा नव्या नाणेनिधीतून काही पौंडांचे तरी डॉलर करून द्या, ही मागणी. ब्रिटनच्या वतीने केन्स यांनी हा दोन देशांमधला प्रश्न ठरवून बाजूला सारला. निधीतला वाटा चीनच्या बरोबरीने मागितला. चीनला 55 कोटी डॉलर, आपल्याला 40 कोटी मिळाले. पुढे रशिया आलाच नाही आणि पहिल्या पाचांत आपली जागा झाली. सर्व सभासद देशांच्या उत्पादक साधनांचा विकास हे शब्द निधीच्या उद्दिष्टांत आले, त्यामागेही आपल्या मंडळींचा आग्रह होता.

युद्ध संपल्यावर ब्रिटनमध्ये या देण्याला कात्री लावण्याची भाषा सुरू झाली. देशमुखांचा त्याला ठाम विरोध होता. कात्री लागली नाही, पण पैसे सुटले हप्त्याहप्त्याने, आणि 1949 साली पौंडाचीच किंमत घसरली. आमच्या मते हा अर्धाच विजय. पण गुलाम देशाच्या माणसाने मिळवलेला.

1950 साली ते अर्थमंत्री झाले. मुंबईच्या प्रश्नावर 1956 साली त्यांनी ते पद सोडले. मेघदूताचा मराठी पद्यानुवाद करणारा हा अर्थतज्ज्ञ 2 ऑक्टोबर 1982 रोजी हैदराबादेत वारला.