नायसेकाठचा बागवेडा सरदार

हेर्मान फॉन प्यूकलर-मुस्काउ हे नाव आपल्या महाविद्यालयात जर्मन शिकणाऱ्यांखेरीज फारसे कोणाच्या कानावर आलेले नसेल. जर्मनीत मात्र ते लहान पोरांनाही ठाऊक असते, आणि तेही एका आइस्क्रीममुळे! चॉकलेट, स्ट्रॉबेरी आणि व्हॅनिला अशा तीन थरांच्या त्या पदार्थाला ‘फ्युर्स्ट प्यूकलर’ म्हणतात. मौज अशी की, प्यूकलरने तो केलेला नाही. एका दरबारी आचाऱ्याने १८३९ साली आपल्या पाककृतींच्या पुस्तकात त्याचे नाव एका थरांच्या मिठाईला देऊन टाकले, एवढेच. स्वतः प्यूकलरने मागे ठेवली ती एक बाग. आणि त्या बागेपायी त्याने घर, पैसा, पत्नी सारे पणाला लावले.

ती बाग मी गेल्या जूनमध्ये पाहिली. ड्रेस्डेनहून आगगाडीने वाइसवासर गाठायचे आणि तेथून जंगलातून धावणाऱ्या चिमुकल्या गाडीने बाड मुस्काउला उतरायचे. (आपल्या माथेरानच्या गाडीची ही धाकटी बहीण शोभावी!) समोर तांबूस रंगाचा वाडा, त्याचे मनोरे आणि भोवती पाणी. वाड्यात आता प्यूकलरच्या चरित्राचे संग्रहालय आहे. पण संग्रहालय पाहण्याआधी मनोऱ्यावर चढावे, असे मी म्हणेन. वरून पाहिले की बाग कोठे सुरू होते आणि कोठे संपते ते कळतच नाही. हिरवळ, झाडांचे पुंजके, मग नदी, नदीपलीकडची टेकडी, आणि टेकडीवर पुन्हा झाडी. कुंपण नाही, भिंत नाही. वाट सरळ जाईल तर शपथ!

हे सारे निसर्गाचे नाही, माणसाच्या हातचे आहे. प्यूकलरचा जन्म याच वाड्यात १७८५ साली झाला. लाइप्झिगला कायद्याचे शिक्षण अर्धवट टाकून तो ड्रेस्डेनच्या घोडदळात शिरला, उधळपट्टी आणि द्वंद्वयुद्धे यांत नाव कमावले आणि १८११ मध्ये वडील वारल्यावर मुस्काउचा धनी झाला. नेपोलियनविरुद्धच्या युद्धातून परतताना त्याने इंग्लंडमधल्या बागा पाहिल्या आणि तेथेच त्याला वेड लागले. १८१५ साली त्याने मुस्काउच्या रहिवाशांना जाहीर विनंती केली, की नदीकाठच्या आपल्या जमिनी मला विका, मला येथे उद्यान करायचे आहे. जमीन रेताड, पीक बेताचे. पण तेथल्या सॉर्ब शेतकऱ्यांची ती वाडवडिलांची जमीन होती. तुकडा तुकडा करीत त्याने ती घेतली. नदीला दुसरा फाटा खणून तो वाड्याजवळून वाहवला, तळे केले, मोठाली झाडे मुळांसकट उचलून आणून लावली. परिसरात तुरटीची खाण होती. एखाद्याने ती झाडांआड दडवली असती. याने तीही आपल्या देखाव्यात सामावून घेतली. मला त्याची ही गोष्ट फार आवडली.

१८१७ मध्ये त्याने लुसीशी लग्न केले. ती प्रशियाच्या पंतप्रधानाची, हार्डेनबेर्गची मुलगी, त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिचा पैसा बागेत गेला, त्याचा गेला, पुढे सावकारांचाही गेला. शेवटी तोडगा निघाला तो असा की, आपणांस तो कादंबरीत शोभेल असे वाटावे. दोघांनी संगनमताने घटस्फोट घ्यायचा, त्याने इंग्लंडला जाऊन एखादी धनाढ्य वधू मिळवायची आणि तिच्या हुंड्यावर बाग पुरी करायची! ही युक्ती खुद्द लुसीने सुचवली. १८२६ मध्ये घटस्फोट झाला आणि स्वारी इंग्लंडला निघाली. तेथल्या वर्तमानपत्रांनी त्याचा डाव ओळखला. वधू काही मिळाली नाही. परंतु तो लुसीला रोज लिहीत होता. इंग्रजांची घरे, बागा, मेजवान्या, खानावळी, तुरुंग, सारे त्या पत्रांत होते. परत आल्यावर ती पत्रे १८३० पासून निनावी छापली गेली आणि इतकी खपली की, हुंड्याने जे साधले नाही ते काही काळ लेखणीने साधले. डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मध्ये टिपणे घेत हिंडणारा जो परदेशी सरदार आहे तो याच्यावरूनच बेतला असे समजतात. १८३४ साली त्याने उद्यानकलेवर ग्रंथ लिहिला. तो आजही त्या विषयात आधाराचा मानतात.

येथपर्यंत प्यूकलर आपल्याला हसवतो. बर्लिनच्या रस्त्यातून तो हरणे जुंपलेल्या गाडीतून मिरवला, असे सांगतात, तेही खपून जाते. पण संग्रहालयात पुढे गेलो आणि पाय अडखळले. ग्रंथ छापून झाल्यावर तो उत्तर आफ्रिकेत गेला, इजिप्तमध्ये महंमद अलीचा पाहुणा झाला, आणि १८३७ मध्ये त्याने गुलामांच्या बाजारातून एक मुलगी विकत घेतली. ती इथिओपियाकडची, वय जेमतेम बारा-तेरा. तिला माखबुबा म्हणत. हा अरबी शब्द आपल्या ओळखीचाच आहे: मेहबूबा! हा माणूस तिला नाईलवरून, लेबाननमधून, व्हिएन्नातून फिरवीत १८४० मध्ये मुस्काउला घेऊन आला. लुसीला ती घरात नको होती. मुलीच्या फुप्फुसांना रोग लागला होता. थंडी सुरू होता होता, २७ ऑक्टोबरला ती गेली. त्या वेळी प्यूकलर तिच्याजवळ नव्हता, लुसीकडे बर्लिनला होता. पुढे त्याने शोक पुष्कळ केला. काही चरित्रकार याला प्रेमकहाणी म्हणतात. मला ते पटत नाही. विकत घेतलेल्या पोरीला नकार देण्याची सोय होती काय? तिची कबर मुस्काउच्या दफनभूमीत आहे. बाग पाहायला येणाऱ्यांनी तेथवरही चालत जावे.

बाग मात्र त्याच्याजवळ राहिली नाही. १८४५ साली कर्जापायी त्याने मुस्काउ विकले. नव्या मालकाने, नेदरलंड्सच्या राजपुत्र फ्रेडरिकने, पेट्झोल्ड नावाच्या निष्णात बागवानाकडून काम पुढे चालू ठेवले, हे बागेचे भाग्य. प्यूकलर साठीला आलेला. तो कॉटबुसजवळच्या ब्रानिट्झ या वडिलार्जित जहागिरीवर गेला आणि सपाट माळावर पुन्हा पहिल्यापासून दुसरी बाग करू लागला! घटस्फोटित लुसी तेथेही आली. १८५४ मध्ये ती वारली.

मुस्काउचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. १९४५ मध्ये लढाई नायसेवर आली, पूल उडाले, वाडा जळाला. युद्धानंतर नदी हीच जर्मनी आणि पोलंड यांची सरहद्द ठरली आणि बागेचे दोन तुकडे झाले. मोठा तुकडा पोलंडकडे. वाडा कित्येक वर्षे भग्न उभा होता, पलीकडे वाटांवर रान माजले. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस दोन्हीकडचे जाणकार एकत्र बसले, जुने नकाशे काढले, वाढलेली झाडी तोडून प्यूकलरने योजलेले देखावे मोकळे केले. २००३ मध्ये जोडपूल पुन्हा बांधला गेला आणि २००४ मध्ये दोन्ही देशांच्या नावे ही बाग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. मी तो पूल ओलांडला तेव्हा मधोमध सरहद्द आहे हे काठावरच्या रंगीत खांबांवरूनच काय ते उमगले. पलीकडून वळून पाहिले तर वाडा अगदी चौकटीत बसवल्यासारखा दिसतो. ते दृश्य पलीकडूनच पाहावे म्हणून त्याने योजले होते, आणि युद्धानंतर किती तरी वर्षे तेथे कोणाला धड उभे राहता येत नव्हते.

प्यूकलर ४ फेब्रुवारी १८७१ रोजी ब्रानिट्झला वारला. त्या काळी तेथे दहनाला परवानगी नव्हती. म्हणून देह रसायनांत विरघळवावा अशी त्याने आज्ञा करून ठेवली होती आणि तसे केले गेले. ब्रानिट्झच्या तळ्यात त्याने आधीच मातीचा एक पिरॅमिड उभारला होता. तेथे त्याला ठेवले. १८८४ मध्ये लुसीचे अवशेषही तेथेच आणले. शरद ऋतूत त्या पिरॅमिडवरच्या वेली तांबड्यालाल होतात म्हणे. मी गेलो तेव्हा त्या हिरव्यागार होत्या.