कमलताईंचे उंदीर

काटोलची माझी एक मैत्रीण मागच्या दिवाळीनंतर नागपूरला आली, ती फराळाचा डबा घेऊन नाही, तर रिपोर्टची फाईल घेऊन. छातीतली गाठ तिने आठ महिने कुणाला सांगितली नव्हती. दुखत नव्हती ना, मग कशाला बोलायचं? नवऱ्याला सांगायची लाज, सासूला सांगायची भीती. शेवटी मुलीच्या हाताला गाठ लागली, तेव्हा बिंग फुटलं. रिपोर्टच्या तळाशी लिहिलं होतं, ईआर पॉझिटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह. पॉझिटिव्ह हा शब्द वाचून तिला वाटलं, आणखी दोन रोग लागले! खरं तर त्या कागदावरची सगळ्यात आशेची ओळ तीच होती.

ती ओळ कशी आशेची, ते पुढे सांगतेच. पण तिच्यामागे जगभरातल्या कितीतरी शास्त्रज्ञांची मेहनत आहे आणि त्यात आपल्या महाराष्ट्रातली एक बाईही आहे. आयुष्याची ऐन वर्षं तिने मुंबईत पांढऱ्या उंदरांच्या पिंजऱ्यांजवळ काढली. डॉ. कमल रणदिवे त्यांचं नाव. नाव ऐकलेलं असतं, काम मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं.

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. मुलगा असो की मुलगी, शिक्षण चांगलंच झालं पाहिजे, असा त्यांचा आग्रह. कमल हुजूरपागेत शिकल्या, नेहमी पुढच्या नंबरात. वडिलांच्या मनात होतं की हिने डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं. पोरीने दोन्ही गोष्टी ऐकल्या नाहीत! फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेऊन त्या पदवीधर झाल्या आणि १९३९ मध्ये जे. टी. रणदिवे या गणितज्ञाशी त्यांनी लग्न केलं.

त्या काळी लग्न म्हणजे मुलीच्या शिक्षणाला पूर्णविराम. इथे मात्र उलट झालं. विषय आपला नसतानाही नवऱ्याने बायकोच्या अभ्यासाला साथ दिली. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयातून १९४३ मध्ये कमलताई एम.एस्सी. झाल्या. विषय होता आपल्या ओळखीच्या सीताफळ-रामफळाच्या कुळातल्या झाडांच्या पेशींचा. पेशी वाचायची नजर तिथेच तयार झाली.

मग संसार मुंबईत आला. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ मध्ये सुरू झालेलं, अजून नवंच. तिथे प्रयोगशाळेचे प्रमुख होते डॉ. वसंत खानोलकर, आपल्याकडच्या रोगनिदानशास्त्रातलं मोठं नाव. त्यांच्या हाताखाली कमलताई कामाला लागल्या आणि विषय मिळाला स्तनाच्या कॅन्सरचा. बायकांचा आजार आणि अभ्यास उंदरांवर.

उंदीरच का? कारण उंदीर दोन-तीन वर्षांत आपलं आयुष्य संपवतो. आजी, आई, नात अशा पिढ्या डोळ्यांसमोर जातात. काही वाण असे, की त्यातल्या माद्यांना हमखास स्तनाचा कॅन्सर होतो. काही वाणांत तो क्वचितच दिसतो. पिंजरे शेजारी शेजारी आणि खाणंही तेच, मग फरक कशाचा? कमलताईंनी अशा वेगवेगळ्या वाणांच्या माद्यांच्या दुधाच्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या, एकमेकींशी ताडून पाहिल्या. या कामावर त्यांना १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली.

त्याआधी परदेशात दोन गोष्टी कळल्या होत्या. १९३२ मध्ये पॅरिसच्या लाकासान्य या शास्त्रज्ञाने नर उंदरांना इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांच्या शरीरातलं हार्मोन, टोचलं, तर नरांनाही स्तनाचा कॅन्सर झाला. १९३६ मध्ये अमेरिकेत बिटनर यांनी कॅन्सरच्या वाणाची पिल्लं जन्मताच दुसऱ्या वाणाच्या आईला पाजायला दिली, तर त्यांच्यात कॅन्सर बराच कमी झाला. उंदरांत एक विषाणू आईच्या दुधातून जात होता. मैत्रिणींनो, इथे घाबरू नका हं! ही गोष्ट उंदरांची आहे. आपल्यात उलट आहे, बाळाला अंगावर पाजल्याने आईचा स्तनाच्या कॅन्सरचा धोका कमीच होतो.

कमलताईंनी हे धागे एकत्र धरले. अनुवंशाने आलेला कल, अंगातली हार्मोन्स आणि विषाणू, यांचं एकमेकांशी नातं काय, हे त्या वर्षानुवर्षं तपासत राहिल्या. कॅन्सर एका कारणाने होत नाही, अनेक कारणं जुळून येतात, हे अशाच कामातून स्पष्ट होत गेलं. ही गोष्ट साधी वाटते, पण आपल्या घरांत आजही बाईचा आजार कुणाच्या तरी माथी मारला जातो. कुणाची नजर लागली, मागच्या जन्मीचं पाप, नाहीतर तिचीच काही चूक. त्या पिंजऱ्यांनी सांगितलं, की यात पापाचा काही संबंध नाही.

पीएच.डी. नंतर त्या अमेरिकेत बाल्टिमोरला गेल्या, डॉ. जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत. शरीराबाहेर, काचेच्या बाटलीत पेशी जिवंत ठेवून वाढवायच्या, हे त्यांचं तंत्र. तिथेच थांबता आलं असतं. कमलताई परत आल्या आणि मुंबईत अशी प्रयोगशाळा उभी केली, देशातली पहिली. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कॅन्सर संशोधन केंद्रात त्यांनी नवे विभाग घडवले, तरुण मुलं-मुली तयार केली. १९६६ ते १९७० त्या तिथे हंगामी संचालक होत्या. कुष्ठरोगाच्या जंतूवरही त्यांनी काम केलं. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

आता त्या रिपोर्टकडे वळू. काही कॅन्सरच्या पेशींत हार्मोनसाठी जणू कुलूप बसवलेलं असतं, त्याला रिसेप्टर म्हणतात. इस्ट्रोजेनची किल्ली त्यात बसली, की पेशी वाढते. पण कुलूप आहे की नाही, हे ओळखायचं कसं? त्यासाठी अँटिबॉडी वापरतात. हे असं प्रथिन असतं, की ते नेमकं त्या कुलपालाच चिकटतं, मग रंग घातला की पेशीचं केंद्र तपकिरी दिसतं. १९७५ मध्ये केंब्रिजमध्ये उंदराच्या पेशींपासून हवी ती अँटिबॉडी बनवण्याची युक्ती सापडली. त्याच वाटेने १९८० मध्ये शिकागोच्या ग्रीन आणि जेन्सन यांनी माणसाच्या इस्ट्रोजेन रिसेप्टरला धरणाऱ्या अँटिबॉडी तयार केल्या.

गंमत पाहा, आज उंदरांच्या ग्रंथीतला रिसेप्टर शोधायला उंदरातच बनलेली अँटिबॉडी वापरली, तर रंग जिथे-तिथे चढायची भीती. म्हणून बरेचदा सशात बनवलेली वापरतात. अशी बाटली कमलताईंच्या सुरुवातीच्या काळात असती तर! त्यांनी हार्मोनचा परिणाम पाहिला, पण ते कुलूप दाखवणारा रंग तेव्हा नव्हता. नुसत्या नजरेवर आणि चिकाटीवर काम चाललं.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये अर्ध्याहून अधिक बायकांचा रिपोर्ट ईआर पॉझिटिव्ह येतो. अशांना किल्ली अडवणाऱ्या गोळ्या देता येतात. टॅमॉक्सिफेन त्यातलीच एक, साधारण पाच वर्षं रोज घ्यायची. कुलूप नसेल तर या गोळीचा उपयोग नाही, मग दुसरे उपचार. माझ्या मैत्रिणीचं ऑपरेशन झालं, आता गोळी सुरू आहे. कॅलेंडरवर ती रोज खूण करते, दुधाच्या हिशेबासारखी.

कमलताईंनी आणखी एक काम केलं. घर, मूल आणि प्रयोगशाळा सांभाळताना बाईची किती ओढाताण होते, हे त्या जाणून होत्या. म्हणून १९७३ मध्ये सहकारी स्त्रियांसोबत त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना सुरू केली. निवृत्तीनंतर त्या आराम करत बसल्या नाहीत. नगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या राजूरला जाऊन आदिवासी मुलांच्या पोषणावर काम केलं. मोठी शास्त्रज्ञ बाई, पण पोराच्या ताटात काय पडतं, हेही तिला तितकंच महत्त्वाचं वाटलं. २००१ मध्ये त्या गेल्या.

आपल्या नागपुरात तुकडोजी पुतळ्याजवळच्या कॅन्सर हॉस्पिटलात कधी गेलात, तर बाहेर बसलेल्या बायांकडे बघा. गडचिरोलीची, बालाघाटची, कुठकुठची बाई पदराखाली फाईल धरून बसलेली असते. त्यातल्या किती जणी उशिरा आल्या असतील! कुलूप ओळखणारी अँटिबॉडी आहे, गोळी आहे, सगळं आहे. पण गाठच लपवली, तर तपासणार काय?

म्हणून महिन्यातून एकदा, पाळी झाल्यावर, आंघोळीच्या वेळी स्वतःकडे लक्ष द्या. गाठ, कातडीला पडलेली खळी, आत ओढलेलं बोंड, रक्ताळ स्राव, यातलं काही दिसलं तर दुखत नाही म्हणून गप्प बसू नका. लेकीला सांगा, बहिणीला सांगा, पण डॉक्टरकडे जा. प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते, बऱ्याच साध्या असतात. मात्र साधी आहे की नाही, ते ठरवायचं काम आपलं नाही, डॉक्टरचं आहे. एका बाईने जन्मभर पिंजऱ्याजवळ उभं राहून आपल्यासाठी इतकं केलं. आपण निदान एक दिवसाची लाज बाजूला ठेवूया ना!