महाराजा नंदकुमार

अठराव्या शतकात बंगालच्या राजकारणात ज्या कर्तबगार पुरुषांनी नाव मिळविले, त्यांत महाराजा नंदकुमार हा एक होता. बीरभूम प्रांतातील भद्रपूर येथे एका ब्राह्मण कुळात त्याचा जन्म झाला. तीक्ष्ण बुद्धी व कारभारातील कसब यांच्या बळावर तो नबाबाच्या चाकरीत वर चढत गेला. पुढे बादशहा शाहआलम याने त्यास महाराजा हा किताब दिला.

त्या काळी बंगालमध्ये दोन कायदे शेजारी शेजारी नांदत होते. मुलुखातील फौजदारी अदालतींत काजी व मुफ्ती मुसलमानी कायद्याप्रमाणे गुन्ह्यांचा निवाडा करीत. कलकत्त्यास मात्र १७७४ साली सर्वोच्च न्यायालय स्थापन झाले. त्याचे चारही न्यायाधीश इंग्लंडहून आले आणि येताना आपला कायदाही घेऊन आले. खोटा दस्तऐवज करणारास इंग्लंडात फाशी देत असत. बंगालमध्येही तो अपराधच होता. परंतु त्यासाठी कोणाचा प्राण घेण्याची रीत नव्हती.

मार्च १७७५ मध्ये नंदकुमाराने गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्यावर साडेतीन लाखांहून अधिक रुपयांची लाच घेतल्याचा आरोप केला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, ६ मे रोजी, नंदकुमारास अटक झाली. एका सावकाराच्या जुन्या व्यवहारात त्याने खोटा कर्जरोखा केला, अशी फिर्याद होती. तो रोखा हे न्यायालय स्थापन होण्यापूर्वीचा होता. तुरुंगात अन्न घेतल्यास धर्म बुडेल, म्हणून वृद्ध नंदकुमाराने तेथे उपवास आरंभिला.

८ जून रोजी खटला सुरू झाला. साक्षीदार देशी भाषांत बोलत आणि दुभाषी त्यांचे म्हणणे इंग्रजीत सांगे. चेंबर्स या न्यायाधीशाने इंग्लंडचाच एक जुना, सौम्य कायदा लावावा असे सुचविले; पण सरन्यायाधीश इम्पे व इतरांना ते पटले नाही. १६ जून रोजी पंचांनी त्यास दोषी ठरविले. इंग्लंडच्या राजाकडे दाद मागण्याची परवानगीही मिळाली नाही. ५ ऑगस्ट १७७५ रोजी तो शांत चित्ताने फाशीला सामोरा गेला. जमलेल्या लोकांत हाहाकार उडाला.

नंदकुमार अपराधी होता की निरपराध, याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. परंतु तो अपराधी असला तरी एक प्रश्न उरतोच. जो कायदा लोकांनी केला नाही आणि जो त्यांना ठाऊकही नव्हता, त्याने त्यांचा प्राण घ्यावा काय? १७८१ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने या न्यायालयाचा अधिकार मर्यादित केला. पुढे १७८८ मध्ये इम्पेलाही पार्लमेंटपुढे जबाब द्यावा लागला. तेथे तो सुटला. १८६० साली हिंदुस्थानासाठी दंडसंहिता तयार झाली. तीत खोट्या दस्तऐवजास कैदेची शिक्षा सांगितली, फाशीची नव्हे. मात्र नंदकुमारास जाऊन तेव्हा पंचाऐंशी वर्षे लोटली होती.