जहाजावर पहिलं विमान उतरवणारा युजीन एली : वाळूची पोती, दोर आणि एक आकडा

गोव्यातील दाबोळीच्या नौदल तळावर १३ सप्टेंबर २०१९ रोजी तेजसच्या नौदल आवृत्तीने पहिलं अरेस्टेड लँडिंग केलं. विमानाच्या शेपटीखालचा आकडा धावपट्टीवर आडव्या ताणलेल्या पोलादी तारेत अडकला आणि विमान बघता बघता थांबलं. जमिनीवरची ही परीक्षा पास झाल्यावर ११ जानेवारी २०२० रोजी तेजस आयएनएस विक्रमादित्यवर उतरलं. कारवारच्या नौदल तळावरची ही विमानवाहू नौका सीमाभागातल्या लोकांना नवी नाही.

दोरात आकडा अडकवून विमान थांबवायची ही युक्ती शंभर वर्षांहून जुनी आहे. ती पहिल्यांदा वापरणारा माणूस नौदलातला नव्हता. तो होता मोटारी चालवणारा आणि विकणारा युजीन एली.

मोडलेलं विमान विकत घेतलं

एलीचा जन्म २१ ऑक्टोबर १८८६ रोजी अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला. मोटारी तेव्हा नुकत्याच रस्त्यावर येऊ लागल्या होत्या. एका पाद्रीच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून त्याने काम केलं, पुढे सॅन फ्रान्सिस्को गाठलं. १९०७ मध्ये मेबल हॉल हिच्याशी लग्न झालं. १९१० च्या सुरुवातीला हे जोडपं ओरेगनमधल्या पोर्टलंडला आलं आणि एली हेन्री वेमी या व्यापाऱ्याकडे मोटारी विकू लागला.

वेमीने ग्लेन कर्टिस याच्या कारखान्यातलं एक विमान विकत घेतलं. पण ते उडवायचं कसं हे त्याला माहीत नव्हतं. मोटार चालवता येते तर विमानही येईल, असा हिशेब करून एली पुढे झाला आणि त्याने विमान आपटलं. नुकसान आपल्यामुळे झालं म्हणून ते मोडकं विमान त्याने स्वतःच विकत घेतलं. काही महिन्यांत ते दुरुस्त केलं आणि त्याच्यावरच उडायला शिकला. १९१० च्या जूनमध्ये मिनियापोलिसच्या प्रदर्शनात त्याची कर्टिसशी गाठ पडली आणि तो कर्टिसच्या चमूत दाखल झाला. त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला त्याला वैमानिकाचा परवाना मिळाला. परवान्याचा नंबर होता १७.

उडणं सोपं, उतरणं अवघड

विमानाचा नौदलाला काही उपयोग आहे का, हे तपासायची जबाबदारी त्या वेळी कॅप्टन वॉशिंग्टन चेंबर्स यांच्याकडे होती. त्यांना प्रयोगासाठी वैमानिक हवा होता. एली तयार झाला. पोहता येत नसलेल्या माणसाने समुद्रावरचं काम अंगावर घेतलं, हे विशेष.

१४ नोव्हेंबर १९१० रोजी व्हर्जिनियात हॅम्पटन रोड्स इथे बर्मिंगहॅम या क्रूझरच्या पुढच्या भागावर ८३ फुटांची लाकडी धावपट्टी बांधली होती. एलीचं विमान तिच्यावरून सुटलं ते थेट खाली गेलं. चाकं पाण्याला लागली, पंख्याची टोकं फुटली, चष्म्यावर पाणी उडालं. तरी त्याने विमान वर काढलं आणि नेव्ही यार्डापर्यंत न जाता जवळच्या किनाऱ्यावर उतरवलं. जहाजावरून विमान उडू शकतं, हे सिद्ध झालं.

पण उडालेलं विमान परत जहाजावर आलं नाही तर समुद्रात त्याचा उपयोग किती? खरा प्रश्न थांबण्याचा होता.

पोत्यांचं गणित

दुसऱ्या प्रयोगासाठी पेनसिल्व्हेनिया या क्रूझरच्या मागच्या भागावर सुमारे १२० फूट लांब आणि ३० फूट रुंद धावपट्टी बांधली गेली. तिच्यावर ओळीने वीसेक दोर आडवे ताणले. प्रत्येक दोराच्या दोन्ही टोकांना ५० पौंडांचं, म्हणजे सुमारे २३ किलोचं, वाळूचं पोतं बांधलं. विमानाच्या पोटाखाली आकडे बसवले. या आकड्यांचं श्रेय ह्यू रॉबिन्सन या सर्कशीत कसरती केलेल्या वैमानिकाला दिलं जातं. एवढं करून विमान थांबलंच नाही तर अडवायला शेवटी ताडपत्रीचा पडदा होता.

वरवर साधी वाटणारी ही रचना डोकं लावून केलेली होती. दोर जहाजालाच घट्ट बांधला असता तर विमानाला एकदम हिसका बसून एक तर दोर तुटला असता, नाही तर विमान मोडलं असतं. क्रिकेटमध्ये जोराचा झेल घेताना हात थोडे मागे न्यावे लागतात, तसंच हे. एक दोर अडकला की दोन पोती फरफटत येणार, पुढचा अडकला की आणखी दोन. ओझं टप्प्याटप्प्याने वाढणार आणि वेग तसाच उतरणार.

१८ जानेवारी १९११. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत पेनसिल्व्हेनिया नांगर टाकून उभी होती. एली टॅनफोरानच्या रेसकोर्सवरून निघाला. डोक्याला फुटबॉलपटूंचं हेल्मेट, अंगाभोवती सायकलच्या हवा भरलेल्या ट्यूब. विमान जहाजावर आलं तेव्हा सुरुवातीचे काही दोर चुकले. मग आकडे अडकले, पोती फरफटली आणि पडद्याच्या अलीकडेच विमान शांतपणे थांबलं. मेबल जहाजावर उभी राहून हे पाहत होती. एलीने कॅप्टनबरोबर जेवण केलं, तासाभरात विमान वळवून घेतलं आणि त्याच जहाजावरून परत उडाला.

थांबवणारं काही नसलं तर

थांबवण्याची सोय नसली की काय होतं, ते सहा वर्षांनी दिसलं. २ ऑगस्ट १९१७ रोजी ब्रिटिश नौदलाचा एडविन डनिंग चालत्या जहाजावर विमान उतरवणारा पहिला वैमानिक ठरला. फ्युरियस जहाजावर दोर नव्हते. खलाशांनी धावत जाऊन विमानाच्या पट्ट्या धरायच्या, अशी पद्धत होती. पाचच दिवसांनी पुन्हा उतरताना विमान काठावरून समुद्रात गेलं आणि डनिंग बुडाला.

आज पोत्यांची जागा डेकखालच्या हायड्रॉलिक यंत्राने घेतली आहे. तार ओढली गेली की दट्ट्या दाबला जातो, द्रव अरुंद झडपेतून जातो आणि वीस टनांच्या आसपासचं विमान सुमारे १०० मीटरमध्ये, दोन-तीन सेकंदांत थांबतं. येणाऱ्या विमानाच्या वजनाप्रमाणे ती झडप दर वेळी लावावी लागते. आकडा चुकला तर परत उडता यावं म्हणून वैमानिक डेकला टेकताच इंजिन पूर्ण जोरात सोडतो.

मात्र आकडा अडकून तार मध्येच तुटली तर विमानाचा वेग उडण्याइतका राहीलच असं नाही आणि तुटलेली तार डेकवर चाबकासारखी फिरते. मार्च २०१६ मध्ये व्हर्जिनियाच्या किनाऱ्याजवळ आयसेनहॉवर या नौकेवर असंच झालं. आठ खलाशी जखमी झाले. विमान डेकवरून खाली घसरून पाण्याच्या अगदी जवळून वर आलं. देखभालीतली एक पायरी राहून गेली होती, असं चौकशीत निघालं. त्याच वर्षी रशियाच्या अॅडमिरल कुझनेत्सोव्ह नौकेने याच यंत्रणेच्या बिघाडांपायी काही आठवड्यांत दोन लढाऊ विमानं गमावली.

शेवटची जत्रा

जहाजावरच्या पराक्रमानंतर एलीला नौदलात नोकरी हवी होती. ती मिळाली नाही. पोटासाठी तो गावोगावच्या जत्रांत विमानाच्या कसरती करत राहिला. १९ ऑक्टोबर १९११ रोजी जॉर्जियातल्या मेकनच्या जत्रेत सूर मारलेलं विमान त्याला वेळेत वर काढता आलं नाही. त्याने उडी टाकली, पण मान मोडली. बघे आठवण म्हणून विमानाचे तुकडे वेचून घेऊन गेले. पंचविसावा वाढदिवस दोन दिवसांवर होता.

पाण्यावर उतरताना दोर होते, पोती होती, पडदा होता, अंगाला ट्यूब होत्या. जत्रेच्या मैदानावर यातलं काहीच नव्हतं.

१९३३ मध्ये अमेरिकी संसदेने एलीला मरणोत्तर डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस दिला. नौदलाच्या पगारपत्रकावर त्याचं नाव कधी चढलं नाही. त्याचा दोर आणि आकडा मात्र नौदलात राहिला. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी नव्या आयएनएस विक्रांतवर पहिल्यांदा लढाऊ विमानं उतरली, ती डेकवरच्या तारेत आकडा अडकवूनच थांबली.