डॉ. सुभाष मुखोपाध्याय

स्त्रीच्या शरीराबाहेर, काचेच्या पात्रात गर्भाचा प्रारंभ घडवून आणणे आज अनेक रुग्णालयांत शक्य झाले आहे. अपत्यहीन दांपत्यांना दिलासा देणारी ही उपचारपद्धती भारतात प्रथम यशस्वी करणाऱ्या संशोधकाला मात्र हयातीत सन्मानाऐवजी अवहेलनाच सोसावी लागली. त्या संशोधकाचे नाव डॉ. सुभाष मुखोपाध्याय.

त्यांचा जन्म १६ जानेवारी १९३१ रोजी हजारीबाग येथे झाला. कोलकात्यात त्यांनी शरीरक्रियाशास्त्राचे व वैद्यकाचे शिक्षण घेतले. १९५८ मध्ये त्यांना कलकत्ता विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. पुढे ते स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे गेले आणि प्रजननाशी संबंधित संप्रेरकांवर संशोधन करून १९६७ मध्ये त्यांनी दुसरी डॉक्टरेट संपादन केली. परदेशात न राहता ते मायदेशी परतले आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन करू लागले. साधने तुटपुंजी होती. परंतु जिद्द मोठी होती.

काही स्त्रियांच्या बीजवाहिन्या बंद असतात. त्यामुळे स्त्रीबीज व शुक्राणू यांचा संयोग होत नाही. अशा एका स्त्रीवर उपचार करण्याचे आव्हान मुखोपाध्याय यांनी स्वीकारले. शीतजीवशास्त्राचे जाणकार सुनीत मुखर्जी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. सरोजकांती भट्टाचार्य हे त्यांचे सहकारी होते.

एका मासिक चक्रात स्त्रीच्या शरीरात सामान्यतः एकच बीज पक्व होते. मुखोपाध्याय यांनी संप्रेरके देऊन अनेक बीजे पक्व केली. पोटावर छेद न घेता ती योनिमार्गातून बाहेर काढली आणि पात्रात त्यांचे फलन घडवून आणले. मात्र भ्रूण तयार झाला म्हणजे गर्भ राहिलाच, असे नव्हे. तो गर्भाशयाच्या आतील अस्तरात रुजावा लागतो. बी कितीही सकस असले, तरी जमिनीला वाफसा नसेल तर ते उगवत नाही. तसेच हे आहे. ज्या चक्रात संप्रेरकांचा मारा झाला, त्या चक्रात हे अस्तर भ्रूणाला अनुकूल राहत नाही, हे मुखोपाध्याय यांनी ओळखले. म्हणून त्यांनी भ्रूण अतिशीत तापमानात गोठवले आणि ५३ दिवसांनी, नैसर्गिक चक्र सुरू असताना, गर्भाशयात सोडले. गर्भ रुजला, वाढला आणि ३ ऑक्टोबर १९७८ रोजी एका निरोगी कन्येचा जन्म झाला. शारदीय नवरात्राच्या दिवसांत जन्मलेली ही बालिका ‘दुर्गा’ या नावाने ओळखली जाऊ लागली. इंग्लंडमध्ये जगातील पहिले ‘परीक्षानलिका शिशू’ २५ जुलै १९७८ रोजी जन्मले होते. त्यानंतर अवघ्या ७० दिवसांनी कोलकात्यात हे यश मिळाले होते.

परंतु या यशावर विश्वास ठेवण्यास अधिकारी तयार नव्हते. त्याच वर्षी राज्य शासनाने चौकशी समिती नेमली. तिचे अध्यक्ष रेडिओ-भौतिकीचे प्राध्यापक होते आणि या नव्या क्षेत्रातील प्रयोगांचा अनुभव सदस्यांपाशी नव्हता. समितीने मुखोपाध्याय यांचा दावा खोटा ठरवला. जपानमधील परिषदेत आपले संशोधन मांडण्यासाठी जाण्याची अनुमती त्यांना मिळाली नाही. जून १९८१ मध्ये त्यांची बदली नेत्रविज्ञानाच्या संस्थेत करण्यात आली. ज्या कार्याला त्यांनी आयुष्य वाहिले होते, त्याचे दार अशा रीतीने बंद झाले. खचलेल्या मुखोपाध्याय यांनी १९ जून १९८१ रोजी आपली जीवनयात्रा स्वतःच संपवली. तेव्हा ते अवघे ५० वर्षांचे होते.

पुढे ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात एका मुलीचा याच पद्धतीने जन्म झाला. या प्रयोगामागे डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. टी. सी. आनंदकुमार यांचे परिश्रम होते. भारतातील पहिले परीक्षानलिका शिशू म्हणून या मुलीचीच नोंद झाली. १९९७ मध्ये डॉ. आनंदकुमार कोलकात्यास गेले असता मुखोपाध्याय यांची हस्तलिखित टिपणे त्यांच्या पाहण्यात आली. त्यांनी ती बारकाईने तपासली, दुर्गेच्या आईवडिलांशी चर्चा केली आणि भारतातील पहिल्या यशाचा मान मुखोपाध्याय यांचाच आहे, असे त्याच वर्षी लेख लिहून जाहीर केले. या घोषणेने त्यांचे स्वतःचे अग्रस्थान जाणार होते. तरीही ते कचरले नाहीत. २००३ मध्ये पंचवीस वर्षांची दुर्गाही समाजासमोर आली आणि आपल्या जन्माविषयी मोकळेपणाने बोलली.

गोठवलेल्या भ्रूणापासून गर्भधारणा साधण्याची पद्धती आज जगभर रूढ आहे. नव्या विचाराची परीक्षा अवश्य व्हावी. परंतु परीक्षकांपाशी त्या विषयाचे ज्ञान आणि निर्मळ मन, दोन्ही असावे लागते. ते नसल्याने एका संशोधकाचा बळी गेला. ते दोन्ही असलेल्या दुसऱ्या संशोधकाने त्याला न्याय मिळवून दिला. मुखोपाध्याय मात्र तो न्याय पाहण्यासाठी उरले नव्हते.