दूरदेशीची मावशी

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात राजूर नावाचे गाव आहे. तेथील बाजारात आसपासच्या डोंगरांतून आदिवासी लोक येतात. घरी उर्दू बोलणारी, तुमच्यासारखीच मुले त्यांच्याशी मराठीत बोलतात. आधी भाव विचारतात, मग घरची खुशाली. अशा साध्या बोलण्याने परकेपणा कमी होतो. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी दोन दूरच्या देशांतील स्त्रियांचे नाते असेच जुळले. त्यांचे बोलणे मात्र पत्रांतून सुरू झाले.

त्यांपैकी एक होत्या आनंदीबाई जोशी. त्यांचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. त्याच वर्षी अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने बंद झाली. आनंदीबाईंचे माहेर कल्याणचे. नवव्या वर्षी त्यांचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला होते. आपल्या पत्नीने शिकावे, अशी त्यांना फार तळमळ होती. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. पण तो १० दिवसांतच दगावला. त्या काळी आपल्या देशात स्त्रियांवर उपचार करायला स्त्री डॉक्टर मिळत नसत. आपणच डॉक्टर व्हायचे, असे आनंदीबाईंनी ठरवले.

गोपाळरावांनी अमेरिकन मिशनऱ्यांकडे मदत मागितली. मदतीसाठी धर्म बदलावा, ही अपेक्षा या जोडप्याला मान्य नव्हती. हा पत्रव्यवहार अमेरिकेतील एका मासिकात छापून आला. न्यू जर्सीतील रोझेल या गावी राहणाऱ्या श्रीमती कार्पेंटर यांनी तो वाचला. १८८० साली त्यांनी आनंदीबाईंना पत्र पाठवले.

त्या काळी भारतावर इंग्रजांचे राज्य होते. गोरा माणूस श्रेष्ठ आणि काळासावळा माणूस हलका, असा समज सगळीकडे पसरला होता. पण या दोघींनी एकमेकींना घरातल्या गोष्टी विचारल्या. चालीरीती, बालविवाह, स्त्रियांचे हाल, धर्म अशा अनेक विषयांवर त्यांनी लिहिले. आनंदीबाईंचे डोके सारखे दुखते, हे कळल्यावर कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधे पाठवली. आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या. मावशी म्हणजे आपली खाला. एकमेकींना पाहण्याआधीच हे नाते जुळले होते!

पुष्कळ लोकांचा विरोध असतानाही ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई पतीशिवाय कलकत्त्याहून बोटीने निघाल्या. ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. तेथे कार्पेंटरबाई त्यांना घ्यायला आल्या होत्या. त्यांच्या घरी आनंदीबाई आपला धर्म, आपली साडी आणि आपला शाकाहार सांभाळून मुलीसारख्या राहिल्या.

पुढे फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले. तेथील १८८५ सालचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात साडी नेसलेल्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि दमास्कसच्या साबात इस्लांबूली आपापल्या देशाच्या पोशाखात शेजारी शेजारी बसल्या आहेत. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्री विभागाचे काम त्यांची वाट पाहत होते. परंतु क्षयाने त्यांना गाठले. त्या मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांना २२ वर्षेही पूर्ण झाली नव्हती. एकाही रुग्णाची सेवा करण्याची संधी त्यांना आपल्या देशात मिळाली नाही.

त्यांची रक्षा अमेरिकेला कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आली. त्यांनी ती न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथे, आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली. आपल्या माणसांच्या शेजारी त्यांनी या सावळ्या, परधर्मी मुलीला जागा दिली.

मित्रांनो, तुमच्या वर्गात, गल्लीत किंवा बाजारात ज्याच्याशी तुम्ही कधीच बोलला नाहीत, असा कोणी आहे का? उद्या त्याची खुशाली विचारून पाहा.