जनाबाई : जात्यापाशी बसलेला श्रोता

परभणी जिल्ह्यातील गोदाकाठचे गंगाखेड हे जनाबाईचे जन्मस्थान मानले जाते. वडील दमा, आई करुंड, एवढीच माहिती परंपरा पुरवते. बालपणीच ती पंढरपुरास दामाशेटींच्या घरी आली आणि नामदेवांच्या त्या कुटुंबात दासी म्हणून तिचे उभे आयुष्य गेले. 1350 मध्ये (शके 1272) नामदेवांसमवेतच तिनेही समाधी घेतली, अशी श्रद्धा आहे. (नामदेवांचे जन्मस्थान म्हणून सांगितले जाणारे नरसी हे गावही 1999 मध्ये हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणीतच मोडत असे, अर्थात याबाबत पंढरपूरचाही पक्ष आहे.)

या चरित्राकडे श्रोतृसंबंधाच्या अंगाने क्वचितच पाहिले गेले आहे. नामदेव कीर्तनात उभे राहत, तेव्हा त्यांच्यापुढे सभा असे. दळण, कांडण, झाडलोट, पाणी यांत दिवस घालवणाऱ्या दासीला सभा कोठली? तिची सभा म्हणजे जाते. दोघी समोरासमोर बसतात, एकच खुंटा दोघींच्या हाती असतो. एकीने ओवी धरली की दुसरी ती उचलते. येथे ऐकणारी ही गाणारीची भागीदारच असते. जनाबाई मात्र एकटी दळत होती. समोरच्या रिकाम्या जागी तिने विठ्ठलाला बसविले. महिपतीने ‘भक्तविजया’त (1762) देव दळू लागल्याची कथा चमत्कार म्हणून रंगविली आहे. मला ती चमत्कारापेक्षा ओवीच्या घडणीतून उगवलेली वाटते. कारण दुसऱ्या हातावाचून जाते जड जाते आणि दुसऱ्या गळ्यावाचून ओवी अपुरी राहते.

याचा परिणाम संबोधनावर झालेला दिसतो. कीर्तनकार श्रोत्यांकडे वळून उपदेश करतो. जनाबाई देवाशीच बोलते, त्याला एकेरीत हाक मारते, प्रसंगी ‘विठ्या’ म्हणून शिव्याशापही देते. आपण मात्र घरातले भांडण दाराआडून ऐकल्यासारखे ऐकतो. कोणी आपल्याला शिकवीत नाही, म्हणूनच आपण अधिक जवळ सरकतो. विद्वानांनी या सलगीला केवळ भक्तीची परिसीमा म्हटले. पण ज्या स्त्रीला घरात कोणावरही आवाज चढविण्याचा अधिकार नव्हता, तिने तो देवावर चढविला, हेही नोंदविले पाहिजे. ‘दासी’ या शब्दाचा निव्वळ आध्यात्मिक अर्थ लावणे हा तिच्यावर अन्यायच होय.

अपवाद आहेत, आणि ते महत्त्वाचे आहेत. एका अभंगात ती स्त्रीजन्माबद्दल खंत करू नये असे सांगते. तेथे श्रोता उघडपणे स्त्री आहे. दुसऱ्यात डोक्यावरचा पदर खांद्यावर घसरला असता, टाळ-वीणा घेऊन ती भर बाजारात जाण्याची भाषा करते. जात्यापासून बाजारापर्यंतचा हा प्रवास प्रत्यक्ष घडला की कवितेतच, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवला तरी, तिला सभा हवी होती एवढे निश्चित. तिच्या नावावर असलेल्या हरिश्चंद्राख्यानात तर समोर श्रोतृवृंद गृहीत धरणारी कथनशैली आढळते; मुक्तेश्वराला तिच्या रचनांतून प्रेरणा मिळाली, असे वाङ्मयेतिहासकार मानतात.

नामदेवांच्या गाथेत समाविष्ट झालेले तिचे सुमारे साडेतीनशे अभंग सर्वस्वी तिचेच आहेत, असे म्हणवत नाही. मौखिक परंपरेत नाममुद्रा हीच सही असते, आणि सही दुसऱ्यालाही करता येते. तथापि शेवटच्या चरणात ‘जनी’ हे नाव येते, तेव्हा गाणारा कीर्तनकार कोणीही असो, क्षणभर सभेपुढे ती मोलकरीणच उभी राहते. स्वतःची ओळख ती नामदेवांची दासी अशी करून देते. पण सभेच्या कानी शेवटी राहते ते तिचे नाव.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रभरातून जमविलेल्या 1 लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्यांत परभणी जिल्ह्यातील बायकांच्या ओव्याही आहेत. त्यांतही समोरच्या ‘बाई’ला, ‘सये’ला साद घालूनच बोलणे सुरू होते. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईचे म्हणून जे जाते दाखवितात, त्याचा खुंटा आजही वारीतल्या बायका हाताने फिरवून पाहतात.